न वाचणारी पोरं आणि चित्रांची पुस्तकं: पालक सारखे विचारतात ते प्रश्न

आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरात पुढच्या खोलीत पुस्तकांचं एक कपाट आहे. रविवारी सकाळी गल्लीतली पोरं येतात, पुस्तकं घेऊन जातात, काही परत आणतात. त्यांच्या आया नि बाबा दारात चपला घालता घालता काहीतरी विचारतात आणि रात्री व्हॉट्सअपवर परत तेच विचारतात, म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून टाकलं. मी काही तज्ज्ञ नाही, कपाट सांभाळणारी आहे, तेवढ्याच बेतानं वाचा.

चित्रांचं पुस्तक दिलं तर पोरगं आळशी होणार नाही का ओ?

हा प्रश्न नेमके तेच विचारतात ज्यांचं पोरगं आत्ता काहीच वाचत नाही. मुळात काही नाहीच तिथं आळस कुठनं येणार.

आणि दुसरं म्हणजे आज आपण ज्यांना क्लासिक म्हणून हात जोडतो त्यातली कितीतरी पुस्तकं जन्मालाच चित्रांसकट आलीत. डिकन्सच्या कितीतरी कादंबऱ्या महिन्याच्या महिन्याला तुकड्यातुकड्यानं यायच्या त्या चित्रं घेऊनच, ज्यूल व्हर्नची पुस्तकं फ्रान्समध्ये कोरीव चित्रांनी भरून निघायची, आणि ती मोठ्या माणसांनीही वाचली. १८६५ सालच्या 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'मध्ये जॉन टेनियलची ४२ चित्रं आहेत. पहिल्या खेपेला छापलेल्या २००० प्रतींत चित्रं नीट उठली नाहीत म्हणून टेनियल नाराज झाला आणि लेखक लुईस कॅरलनं ती छपाई मागे घेऊन पुस्तक परत छापलं. म्हणजे लिहिणाऱ्याला चित्राची एवढी किंमत होती. आपल्या हातात येईपर्यंत स्वस्तातल्या आवृत्त्यांमधनं चित्रं गळून पडली, नि आपल्याला वाटायला लागलं की बिनचित्राचं तेच खरं पुस्तक.

आमच्या घरात मराठी, शाळेत इंग्लिश नि कन्नड. पुस्तक कुठल्या भाषेतलं घ्यायचं?

ह्याचं उत्तर लांबलंय, पण सगळं गणित इथंच आहे.

पुण्याकडचे लोक पुस्तकांच्या याद्या पाठवतात, 'वय ६ ते ८', 'वय ९ ते १२' असं लिहून. त्या याद्या आपल्याकडे निम्म्या कामाच्या. आपली पोरं तीन-तीन लिप्या ओढत असतात. टिळकवाडीतलं इंग्लिश मीडियमचं पोरगं बघा, इंग्लिश झकास वाचतं, कन्नड परीक्षेपुरतं, आणि मराठी वाचतं ते शाळेतल्या हिंदीच्या जोरावर. त्यामुळे 'ळ' आला की गाडी थांबते, कारण हिंदीच्या पुस्तकात त्याला तो भेटलेलाच नसतो. गंमत अशी की तोंडानं ते 'ळ' एकदम बरोबर म्हणतं, घरच्या मराठीत आहे, कन्नडमध्येही आहे, फक्त डोळ्यांची ओळख नाही. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' असं काही आलं की अजूनच गोंधळ. तेच खानापूरकडच्या मराठी मीडियमच्या पोरीचं उलटं, मराठी सरळ वाचते नि इंग्लिशच्या पानावर घाम फुटतो.

आणि मग आई म्हणते, ह्याला वाचायची आवडच नाही. अहो आवड आहे की! मी मोठ्यानं वाचून दाखवते तेव्हा तेच पोरगं मांडी घालून अर्धा तास हलत नाही. गोष्ट हवी असते, लिपी जड जाते, एवढंच. ह्या जड लिपीतनं पलीकडं न्यायचं काम चित्र करतं, कारण चित्र वाचायला कुठलीच लिपी लागत नाही.

म्हणून मी वय विचारत नाही. तिन्ही लिप्यांमधलं एकेक पान मोठ्यानं वाचायला देते, चिडवायचं नाही, टोकायचं नाही, नुसतं ऐकायचं. ज्या लिपीत पोर पानाला एक-दोनदाच अडतं त्या लिपीत भरपूर मजकुराचं आणि अधूनमधून एखादं चित्र असलेलं पुस्तक. जिथं पाच-सहा वेळा अडतं तिथं पानभर चित्र नि खाली दोन ओळी. म्हणजे एकाच पोराच्या हातात दोन वेगळ्या तऱ्हेची पुस्तकं जातात. दहा वर्षांचा पोरगा इंग्लिशमध्ये जाडजूड 'जंगल बुक' वाचतो आणि मराठीत पंचतंत्रातलं माकड-मगर, त्यात लाजायचं काय.

बेंगळुरूच्या प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट इथं फार कामाला येते. तीच गोष्ट, तीच चित्रं, मराठीत पण मिळते नि कन्नडमध्ये पण, आणि फुकट. तिथल्या गोष्टी क्लासिक नाहीत, पण लिपी सैल करायला एक नंबर. आधी सोप्या लिपीत वाचायचं, मग तीच चित्रं जड लिपीत. गोष्ट माहीत असली की पोर अक्षरं अंदाजानं उचलतं, तो अंदाज करू द्या.

दुकानात किंवा स्टॉलवर पाच मिनिटं मिळतात. चांगली आवृत्ती कशी ओळखायची?

कव्हर बघू नका, कव्हर सगळ्यांचीच चकचकीत असतात. पहिलं आतलं पान उघडा. 'संक्षिप्त', 'रूपांतर', 'अनुवाद' ह्यातलं काय लिहिलंय, कुणी केलंय, चित्रं कुणाची, हे बघा. चित्रकाराचं नावच नसेल तर मी पुस्तक खाली ठेवते. ज्यानं चित्रकाराचं नाव घालायचे कष्ट घेतले नाहीत त्यानं आत काय कष्ट घेतले असणार.

हे मी ठेच लागून शिकलेय. एकदा ऑनलाइन दहा 'जागतिक क्लासिक्स'चा सेट मागवला, स्वस्त पडला म्हणून मीच खूश. त्यातल्या 'रॉबिन्सन क्रूसो'च्या कव्हरवर क्रूसोचा सोबती फ्रायडे आहे आणि आतल्या गोष्टीत फ्रायडे येतच नाही, त्याआधीच पुस्तक संपलं! 'गलिव्हर'चं तर नेहमीचंच, मूळ १७२६ च्या पुस्तकात चार सफरी आहेत आणि पोरांच्या पुस्तकात बहुतेक वेळा लिलिपुट झालं की समाप्त. कापायला माझी हरकत नाही, कापलंय हे सांगा तरी.

एवढ्या आवृत्त्या का निघतात तर आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यामुळे २०११ पासून 'श्यामची आई' कुणीही छापू शकतं. एकाच नावाची दहा कव्हरं दिसतात ती त्यामुळे, आणि दहाही आतनं सारखी नसतात.

मग चित्रांकडे या आणि आधी एक गोष्ट तपासा, चित्र काढणाऱ्यानं पुस्तक वाचलंय का. माझी ठरलेली परीक्षा 'ट्रेझर आयलंड'ची. त्यातला चाचा लाँग जॉन सिल्व्हर, त्याचा डावा पाय पार मांडीपासून नाही आणि तो काखेत कुबडी घेऊन चालतो, असं लेखक स्टीव्हन्सननं सरळ लिहून ठेवलंय. लाकडी पाय नाही! आणि निम्म्या पुस्तकांत त्याला लाकडी पाय लावलेला असतो, कारण चाच्याला लाकडी पाय असतोच असं काढणाऱ्यानं कुठंतरी बघितलेलं असतं. 'श्यामची आई'त घर बघा. कोकणातलं घर आहे ते, अंगण-पडवी हवी, आणि आईच्या अंगावर नऊवारी. सिमेंटचा बंगला नि सहावारी दिसली की समजायचं.

तिसरं, चित्र कुठल्या प्रसंगाचं काढलंय. 'ट्रेझर आयलंड'मध्ये जिम सफरचंदांच्या पिंपात लपलेला असतो आणि बाहेर सिल्व्हर नि त्याची माणसं कट शिजवत असतात. पिंपात दबकलेलं पोर आणि बाहेर नुसत्या माणसांच्या आकृत्या, एवढंच चित्र असलं की बघणारा विचारतो, हा लपला का, ते काय बोलतायत? उत्तर मजकुरात, म्हणून पोर मजकुराकडे वळतं. ह्याच्या उलट, शेवटाला काय झालं ते रंगीत चित्रात आधीच्याच पानावर दाखवून टाकलं की वाचायचं कारणच उरत नाही.

आणि अक्षर. गडद चित्रावर पांढरी बारीक अक्षरं छापलेली असतात, ती कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नका. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, ओळींमध्ये मोकळी जागा नसेल तर आधीच अडणारं पोर तिथंच बसतं.

एआयनं काढलेली चित्रं ओळखायची कशी?

बोटं मोजा, आता ती बरोबरही येतात, पण मोजा. नाहीतर एकाच माणसाचे दोन पानांवरचे चेहरे शेजारी धरून बघा, शर्टाची बटणं, पागोट्याचा रंग बदललेला असतो. पोरं हे आपल्या आधी पकडतात, आमच्याकडच्या एका दुसरीतल्या पोरीनं सांगितलं, "मावशी, ह्या मावळ्याला तीन हात हाईत."

अमर चित्र कथा चालेल का? ते क्लासिक वाचणं झालं का?

चालेल की. आणि आपल्याला जरा जवळचीही वाटायला हरकत नाही, १९६७ ला ती सुरू करणारे अनंत पै मूळचे कारकळचे, आपल्याच राज्यातले. मराठीत मिळते, कन्नडमध्ये मिळते, म्हणजे वर सांगितलेली दोन लिप्यांची युक्ती इथंही जमते.

पण ३२ पानांत महाभारतातला एखादा माणूस बसवायचा म्हटलं की घटना राहतात नि लेखकाचा आवाज जातो. कथानक कळतं, कुणी कसं सांगितलं ते कळत नाही. मी कॉमिकला ट्रेलर म्हणते. ट्रेलर बघून पिक्चरला जाणारी पोरं असतात, ट्रेलरवरच खूश असणारी पण असतात, दोन्हींना कपाटात जागा आहे. फक्त बोलण्याच्या फुग्यांमधली मराठी अक्षरं फार बारीक असतील तर जड लिपीवाल्या पोराला ते कॉमिक नको, त्याला फुग्यांपेक्षा खाली ओळीत लिहिलेलं बरं पडतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मला चांदोबा मासिकाची मांडणी सगळ्यात आवडते. मराठी चांदोबा १९५२ ला निघाला. साधारण पानाला एखादं चित्र आणि बाकी मजकूर, चित्र खेचतं पण सगळं सांगत नाही. विक्रम-वेताळाचं शंकर ह्यांनी काढलेलं ते चित्र, खांद्यावर प्रेत, हातात तलवार, ते बघून वेताळ आज काय विचारणार म्हणून पोर वाचायला लागतंच. जुने बांधलेले अंक कुणाच्या तरी माळ्यावर असतात, आज्जीला विचारा. रद्दीत घालण्याआधी विचारा.

सुरुवात कुठल्या पुस्तकानं करू?

पोरगं कसलं आहे त्यावर आहे. सारखं पळणारं, झाडावर चढणारं असेल तर 'ट्रेझर आयलंड' किंवा 'जंगल बुक'. १८९४ च्या 'जंगल बुक'मध्ये काही चित्रं किपलिंगच्या वडिलांची आहेत, ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे, त्यामुळे त्यांना आपल्याकडचे प्राणी नि माणसं बघून माहीत होती. मशिनी, रॉकेट, पाणबुडी ह्यात रमणारं असेल तर ज्यूल व्हर्न. मराठीत तो भा. रा. भागवतांनी आणलाय, फास्टर फेणेवाले भागवत, आणि त्यांची भाषा पळती आहे.

सारखं खिदळणारं पोर असेल तर चिं. वि. जोशींचे चिमणराव नि गुंड्याभाऊ. भाषा जुनी आहे, थोडं आपण वाचून द्यावं लागतं, पण एकदा गुंड्याभाऊ ओळखीचा झाला की पोरं मागं लागतात.

एकच पुस्तक घ्यायचं आणि तेही मराठी, असं कुणी म्हटलं की मी माधुरी पुरंदरेंचं 'वाचू आनंदे' सांगते. बालगटाचे वेगळे भाग, कुमारगटाचे वेगळे. मराठीतल्या चांगल्या चांगल्या लेखकांचे छोटे छोटे उतारे आणि बरोबर आपल्याकडच्या मोठ्या चित्रकारांची चित्रं. मोठं पुस्तक बघून पळणाऱ्या पोराला एक पान पुरतं. आपल्या पोरांना ह्याचा जास्त उपयोग कारण इथल्या मराठी मीडियमची पुस्तकं कर्नाटकची, बालभारतीची नव्हेत, त्यामुळे महाराष्ट्रात पोरं जे शाळेतच वाचून येतात ते आपल्या पोरांच्या वाटेला येईलच असं नाही.

बारा-तेरा वर्षांच्या पोरांसाठी प्रकाश नारायण संतांचा लंपन, त्यांच्या गोष्टींतला पोरगा. ते चित्रांचं पुस्तक नव्हे, पण वेब सिरीज २०२४ ला आल्यावर आमच्याकडे दोघं-तिघं 'लंपन हाय का' म्हणून विचारत आली. त्यातली कानडी मिसळलेली मराठी ऐकून एक पोरगा म्हणाला, हे तर आमच्या घरात बोलतात तसंच आहे. पुस्तकात आपल्यासारखं बोललेलं चालतं हे त्याला पहिल्यांदा कळलं.

'श्यामची आई' फार रडवते असं ऐकलंय. देऊ का?

द्या, पण पहिल्या पानापासनं नको. मधनंच 'श्यामचे पोहणे' उघडा. पाण्याला घाबरून लपून बसलेला श्याम आणि त्याला मारून बाहेर काढणारी आई, ह्यात पोरांना रडण्यापेक्षा आपलं घर जास्त दिसतं. पुस्तक 'रात्र पहिली, रात्र दुसरी' असं लिहिलंय, रोज एक रात्र वाचायला सोयीचं.

तो नुसती चित्रं बघतो, पानं उलटतो नि ठेवून देतो. काय करू?

बघू दे. मग त्याला म्हणा, आज्जीला ही गोष्ट सांग. आमच्या शेजारच्या आज्जींना वाचता येत नाही, नातू चित्रं दाखवत त्यांना गोष्ट सांगायचा, अर्धी मनानंच. आज्जी विचारायच्या, "आणि ह्यो कोण रे? का असा उभारलाय?" तिसऱ्या-चौथ्या चित्राला त्याचं डोकं चालेना, मग खाली काय लिहिलंय ते बघायला लागला. मी त्याला कधी वाच म्हटलं नव्हतं.

धडा विचारल्यासारखे प्रश्न मात्र नकोत. गोष्टीतनं काय शिकलास, हा तर अजिबात नको.

मोबाइलवर वाचलं तर?

पुस्तक नसेल तर ठीक. पण कॉमिकचं पान मोबाइलवर झूम करत वाचायचं म्हणजे अख्खं पान एकदम दिसत नाही आणि चित्रकारानं पान मांडलेलं असतं ते सगळं वाया. टॅब असेल तर बरं.

आठवीतला आहे. चित्रांचं पुस्तक म्हणजे बाळांचं, म्हणतो.

ह्याला 'चित्रांचं पुस्तक' म्हणायचंच नाही, ग्राफिक नॉव्हेल म्हणायचं, शब्द बदलला की चालतं. आणि 'द लिटल प्रिन्स' दाखवा. १९४३ चं, चित्रं लेखकानं स्वतः काढलीत. सुरुवातीलाच एक चित्र आहे, मोठ्या माणसांना ती टोपी वाटते आणि असतो हत्ती गिळलेला अजगर. हे चित्र काढून टाकलं तर मजकुराला अर्थ राहत नाही, आणि ह्यात बाळबोध काहीच नाही.

स्वस्तात किंवा फुकट कुठं मिळेल?

'किशोर' मासिक, बालभारतीचं, १९७१ पासूनचं. जुने अंक नेटवर फुकट आहेत, आणि त्यात एकेक चित्रकार असा आहे की मीच बघत बसते. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका अजून परवडते. गावातल्या वाचनालयात बालविभाग असतो, पोराच्या नावानं वेगळं खातं काढा, आपल्या कार्डावर नको, स्वतःचं कार्ड म्हटलं की त्याची छाती फुगते.

आणि थंडीत कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा इथं मराठी साहित्य संमेलनं होतात, तिथं पुस्तकांचे स्टॉल लागतात. आपण भाषणं ऐकत बसतो नि पोरं कंटाळतात. त्यापेक्षा पोराच्या हातात शंभराची नोट द्या आणि स्टॉलवर एकट्याला सोडा. भिकार पुस्तक आणलं तरी गप्प बसायचं, पुढच्या वर्षी बरं आणतं.

मूळ, न कापलेलं पुस्तक कधी द्यायचं?

मागेल तेव्हा. मागायला लावायचं असेल तर सोप्या आवृत्तीच्या शेजारी जाडं पुस्तक ठेवून द्या आणि काही बोलू नका. आमच्याकडे दोन्ही 'ट्रेझर आयलंड' शेजारी असतात. सहावीतला एक जण दोन्ही उघडून बसला, ह्याच्यात आहे ते त्याच्यात कुठं आहे शोधत, आणि शेवटी तक्रार घेऊन आला की छोट्या पुस्तकात 'लई गाळलंय'.

सगळं करून झालं, तरी तिन्ही लिप्यांत अडतंच.

मग पुस्तक बदलत बसू नका. आधी डोळे तपासून घ्या, आमच्याकडच्या दोघांना नुसता चष्मा हवा होता. डोळे ठीक असतील तर शिकण्यातल्या अडचणी तपासणाऱ्या तज्ज्ञांकडे न्या. पोरगं मठ्ठ आहे असं त्याच्यासमोर तर नाहीच म्हणायचं. तोवर वाचून दाखवणं बंद करू नका.

पुस्तक फाडलं तर भरून द्यावं लागतं का?

नाही ओ. सेलोटेप माझ्याकडे आहे. आमच्या 'जंगल बुक'मधलं शेरखानाचं चित्र असलेलं पान कुणीतरी ब्लेडनं एकदम नीट कापून नेलंय, कुणाच्या तरी भिंतीवर असणार. त्या जागी मी कोरा कागद चिकटवला आणि तिथं पोरं आपापला शेरखान काढतात. कागद भरला की नवा लावते, आत्ता पाचवा चालू आहे.